अहो, पैशांचं काय एवढं!

कोणत्याही मराठी लग्नात, पंगत उठल्यावर आणि आइस्क्रीमची वाटी हातात आल्यावर, एक गृहस्थ दुसऱ्याला हमखास सांगत असतो की आपण एक धंदा सुरू करणार होतो. कधी तो मिसळीचा असतो, कधी शेंगदाण्याच्या चटणीचा, कधी लाकडी घाण्यावरच्या तेलाचा. योजना सगळी तयार होती. जागा बघून झाली होती. नावसुद्धा ठरले होते. मग? मग काही नाही. मुलाची दहावी आली, सासऱ्यांचे गुडघ्याचे ऑपरेशन आले, पाठोपाठ करोना आला. ऐकणारा मनापासून मान हलवतो, कारण त्याचेही एक रसवंतीगृह गेली कित्येक वर्षे असेच उघडण्याच्या बेतात असते.

महाराष्ट्रात धंदा करण्याचे शास्त्र बेताचे असेल, पण धंदा न करण्याचे शास्त्र कमालीचे प्रगत आहे. त्यात प्रमेये आहेत, सिद्धता आहेत, घरोघरची उदाहरणे आहेत, आणि या विषयात आजवर कोणी नापास झालेले नाही.

पहिले प्रमेय रक्ताचे. ‘धंदा आपल्या रक्तातच नाही.’ हे सांगणाऱ्याने साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड असे सगळे तपासून घेतलेले असते. ‘धंदा’ नावाचा रकाना कोणत्याच लॅबच्या रिपोर्टात नसतो, तरी निदान पक्के. गंमत अशी की हे निदान करणाऱ्याचा अख्खा दिवस मराठी माणसांच्या धंद्यांवर चाललेला असतो. सकाळी तो विको वज्रदंतीने दात घासतो. विको १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी परळच्या राहत्या घरातून सुरू केली. नागपूरला किराणा दुकान चालवून मुंबईत आलेले हे गृहस्थ आधी दंतमंजन घेऊन दारोदार फिरले. मुलाच्या दप्तरात कॅम्लिनची कंपासपेटी असते. ती कंपनी दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईच्या पुड्या आणि गोळ्या करून सुरू केली. दुपारी ऑफिसात डबेवाल्याकडून डबा येतो. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत शंभरेक माणसे घेऊन हे काम मांडले, आणि मावळ-खेड-जुन्नरकडच्या गड्यांनी ते असे वाढवले की जगभरच्या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांना त्यावर निबंध लिहावे लागले. संध्याकाळी दादरला उतरून तो वडापाव खातो, आणि दादर स्टेशनबाहेरच १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला होता. रात्री पाहुणे येणार म्हणून घरी चितळ्यांची बाकरवडी येते. ती तोंडात टाकून तो पाहुण्यांना सांगतो, “मराठी माणसाला धंदा जमत नाही हो!” तोंड भरलेले असल्यामुळे शेवटचा ‘हो’ नीट ऐकू येत नाही.

चितळ्यांचे तर सगळेच निराळे. धंद्याच्या पुस्तकांत गिऱ्हाईक राजा असतो. त्यांच्या पुण्यातल्या दुकानांत राजालाही दुपारी एक ते चार मज्जाव होता. जेवण आणि वामकुक्षी हा दुकानदाराचा मूलभूत हक्क मानून अनेक दशके शटर खाली यायचे, आणि चारच्या आधीच पायरीवर माणसे उभी असायची. २०१७ मध्ये दुकान दुपारीही उघडे ठेवायचे ठरले तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. दुकान उघडे आहे, ही बातमी व्हावी असे भाग्य जगात फार थोड्या दुकानांच्या वाट्याला आले असेल. रक्तात धंदा नसलेल्यांचा हा प्रकार असेल, तर रक्तात असलेल्यांनी थोडे घाबरायला हरकत नाही.

दुसरे प्रमेय काकांचे. प्रत्येक मराठी घराण्यात एक बुडालेले काका असतात. त्यांनी कोणे एके काळी कोंबड्या पाळलेल्या असतात, नाहीतर लिमलेटच्या गोळ्यांचा कारखाना काढलेला असतो, नाहीतर मित्राच्या भागीदारीत फोटो स्टुडिओ. नेमके काय झाले हे कोणालाच धड माहीत नसते. आजीच्या मते भागीदाराने फसवले. आत्याच्या मते काका दुकानात दिवसभर पेपर वाचत बसायचे आणि गिऱ्हाईक आले तर त्यालाही अग्रलेख वाचून दाखवायचे. काकू या विषयावर काहीच बोलत नाहीत. तपशील असे धूसर असले तरी घरातल्या कोणी धंद्याचे नाव काढले रे काढले की काकांना पुराव्यादाखल हजर केले जाते. “करायचं तर कर बाबा. पण काकांचं काय झालं माहीत आहे ना?” एका काकांवर तीन पिढ्या आरामात घाबरतात.

त्याच घराण्यात तीन मामा असे असतात ज्यांनी न आवडणाऱ्या नोकरीत तीस वर्षे घासली, आणि कंपनीला टाळे लागल्यावर देण्यांसाठी पुढची दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरणीतली नोकरी म्हणजे बापामागून मुलाला लागणारी, दगडावरची रेघ. त्यातल्या कितीतरी जणांच्या हाती नोकरीही राहिली नाही आणि पैसेही आले नाहीत. तरीसुद्धा “नोकरी करू नकोस रे, मामांचं काय झालं माहीत आहे ना?” असे कोणी कोणाला बजावल्याचे ऐकिवात नाही. धंदा बुडतो तेव्हा माणूस बुडाला म्हणतात. नोकरी बुडते तेव्हा नशीब फुटले म्हणतात.

लग्नाच्या बाजारात हे शास्त्र आणखी बारीक होते. “मुलगा काय करतो?” या प्रश्नाला “बँकेत आहे” हे उत्तर दोन शब्दांत संपते. “स्वतःचं काहीतरी करतो” यातल्या ‘काहीतरी’शी मुलीच्या आईची भुवई वर जाते, ती पत्रिका परत जाईपर्यंत खाली येत नाही.

आता असे एक काका पाहू, ज्यांना बुडण्याच्या सगळ्या सोयी उपलब्ध होत्या. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, आणि तिथे लक्षात आले की त्यांना काही रंगांमधला फरक ओळखू येत नाही. चित्रकाराला रंग न दिसणे ही काही मनाची समजूत नव्हे, ती खरीखुरी मर्यादा होती. ‘मला जमणार नाही’ म्हणायला यापेक्षा भक्कम दाखला कुठल्या सरकारी दवाखान्यातही मिळाला नसता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखाटन धरले, कारण त्याला रंग लागत नाहीत. मर्यादा त्यांनी मान्य केली. तिच्यावरून घरी परत जाण्याचा निष्कर्ष मात्र काढला नाही.

पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. मुंबईची पक्की नोकरी सोडून बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान! कोणत्याही आत्याने हे ऐकून डोक्याला हात लावला असता. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ सांगतो तो बेळगावच्या याच दुकानाचा, साल १८८८. सायकलीवरून लक्ष्मणराव कडबा कापण्याच्या यंत्राकडे वळले आणि तिथून लोखंडी नांगराकडे. शेतकऱ्यांचे म्हणणे पडले की लोखंडाने जमिनीला विष चढते. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

दोन वर्षे! आजच्या हिशेबात एवढ्या काळात माणूस दोन उद्योजकता शिबिरे, एक ध्यानशिबिर आणि एक ‘माझे अपयश’ या विषयावरचे भाषण उरकून मोकळा होतो. किर्लोस्कर मात्र न विकल्या गेलेल्या नांगरांसकट तिथेच राहिले. त्यात बेळगावात दुकानाची जागा सोडायची वेळ आली. मदतीला आले औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १९१० मध्ये त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला. माळ निवडुंगाने भरलेला आणि वस्ती नागांची. निवडुंग इतका की पुढे चिरंजीव शंतनुरावांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याच्या नावात गुलाबाच्या आधी तो आला: ‘कॅक्टस अँड रोझेस’. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज तिथल्या रेल्वे स्टेशनालाही तेच नाव आहे, आणि कोणाच्या काकांचे नाव स्टेशनाला असणे ही काही रोजची गोष्ट नव्हे.

तिसरे प्रमेय भांडवलाचे. “करू की, पण दहा-पंधरा लाख तरी लागतील.” हा आकडा मोठा मजेशीर आहे. पोह्यांची गाडी असो, शिकवणी असो की नर्सिंग होम असो, दहा-पंधरा लाखच लागतात. खर्चाचा अंदाज काढून कोणी तिथे पोचलेले नसते. खात्यात आहेत त्याहून निश्चित जास्त आणि स्वप्नात मावतील इतपत कमी, असा तो बरोबर मधला आकडा असतो. तो एकदा उच्चारला की पुढे काही करावे लागत नाही.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावच्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने, छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून. त्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. पारेखांनी, म्हणजे छगनबाप्पांनी, पैशांबरोबर दोन सल्लेही दिले: माल हलका करायचा नाही आणि हिशेब धंद्यासारखा ठेवायचा. देणगी कोणाकडूनही घ्यायची नाही, हे तर पहिल्यापासूनच ठरलेले होते.

मग पावसाळा आला. पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद राहिले. प्रमेयवाल्यांना इथे ‘बघा, आम्ही म्हणालो नव्हतो?’ म्हणायची उत्तम संधी होती. दुसऱ्या वर्षी या बायकांनी एक खाट आणली आणि एक शेगडी आणली. पापड खाटेवर, शेगडी खाटेखाली. ड्रायर, मॉइश्चर कंट्रोल, प्लांट, जे काय म्हणाल ते एवढेच. पहिल्या वर्षाची विक्री झाली ६,१९६ रुपये. हाच तो लिज्जत पापड. आज लिज्जतमध्ये ४५ हजारांच्या आसपास बायका काम करतात, आणि जसवंतीबेनना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

एवढे वाचून एखादा मराठी वाचक खुर्चीत सावरून बसेल. “पण त्या गुजराती होत्या ना!” होत्या. रक्त त्यांचे १४ मार्चलाही तेच होते आणि पापडही त्या वर्षानुवर्षे लाटतच होत्या. चौदा तारखेपर्यंत ते पापड जावयाने, दिराने आणि शेजाऱ्यांनी फुकट खाल्ले. पंधरा तारखेला त्यांची किंमत ठरली आणि ते परक्याच्या हातात गेले. सबंध गोष्टीत नवे घडले ते एवढेच.

रक्त, काका आणि भांडवल या तिन्हींतून जे सुटतात, ते तयारीत सापडतात. ही मंडळी धंदा करणारच असतात. आधी फक्त नाव ठरायचे असते. ‘रुचिरा’, ‘स्वादसरिता’, ‘आजीची फोडणी’ अशा नावांवर व्हॉट्सअॅपच्या कौटुंबिक ग्रुपमध्ये मतदान होते. त्यातून दोन मावश्यांचे अबोले निघतात, आणि शेवटी अंकशास्त्रवाले गुरुजी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ए’ घालायला सांगतात. मग लोगो. मग व्हिजिटिंग कार्ड, पाचशे, कारण शंभरात आणि पाचशेत फारसा फरक पडत नाही. त्यावर ‘प्रोप्रायटर’ छापलेले. गिऱ्हाईक एकही नाही, पण मालक तयार. यथावकाश त्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाच्या याद्या लिहिल्या जातात आणि कागद चांगला निघाला याचे घरात कौतुक होते.

मुहूर्ताचेही असते. आषाढात नको, पितृपक्षात नको, दिवाळीनंतर मंदी असते, मार्चमध्ये मार्च एंडिंग, एप्रिल-मे परीक्षा आणि लग्ने. पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिले तर मराठी माणसाला धंदा सुरू करायला वर्षात सरासरी अर्धा दिवस मिळतो, आणि नेमका त्या दिवशी पाण्याचा टँकर यायचा असतो.

२०२१ च्या डिसेंबरात ‘शार्क टँक इंडिया’ सुरू झाले आणि या तयारीत मूल्यांकनाची भर पडली. सोफ्यावर बसून, हातात चिवड्याची बशी घेऊन, अख्खे कुटुंब दुसऱ्याच्या कंपनीचे व्हॅल्युएशन काढू लागले. “दोन टक्क्यांना पन्नास लाख? वेडा आहे का हा!” असे जो गृहस्थ म्हणतो, त्याने मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्यांचा लॅपटॉप दुरुस्त करून दिलेला असतो. त्याचे तीनशे रुपये मागायचे अजून राहिलेत.

मुरलेले उद्योजक एवढी तयारी करतात का? भारतीय वंशाच्या संशोधक सरस सरस्वती यांनी अमेरिकेत हे तपासले. २० कोटी ते ६५० कोटी डॉलरच्या कंपन्या चालवलेल्या २७ संस्थापकांपुढे त्यांनी एका काल्पनिक वस्तूचा धंदा ठेवला आणि हा धंदा उभा करताना डोक्यात जे येईल ते मोठ्याने बोलत जायला सांगितले. अपेक्षा अशी की हे दिग्गज बाजाराचे सर्वेक्षण मागवतील, पाच वर्षांचे आराखडे आखतील. बहुतेकांचा सर्वेक्षणावर विश्वासच नव्हता. आपण कोण, आपल्याला काय येते आणि आपण कोणाला ओळखतो, इथून ते सुरुवात करीत होते. मिळेल किती याच्याआधी गेले तर किती गेलेले परवडेल, हा त्यांचा हिशेब होता. आणि पहिली विक्री शक्य तितकी लवकर, ओळखीतल्याच कोणाला तरी. भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे चार पाकिटे घेऊन जाणाऱ्या बायकांना हा सिद्धांत ४२ वर्षे आधी माहीत होता. तो निबंध प्रसिद्ध झाला २००१ मध्ये.

“वय गेलं हो आता” हेही एक सोयीचे. वयाच्या पंचविशीत ‘अजून अनुभव नाही’ आणि पंचेचाळिशीत ‘आता वय नाही’ म्हणणारा माणूस मधली वीस वर्षे नक्की कशात घालवतो, हे त्याचे त्यालाच ठाऊक. पियरे अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कंपन्यांच्या संस्थापकांची वये तपासली. सर्वांत वेगाने वाढलेल्या कंपन्या सुरू झाल्या तेव्हा त्यांच्या संस्थापकांचे सरासरी वय निघाले ४५. म्हणजे चष्म्याचा नंबर दुहेरी झालेला, गोळीची वेळ लक्षात ठेवावी लागणारा, मुलीच्या कॉलेजची फी भरणारा माणूस. वसतिगृहात कंपनी काढणारा पोरगा बातमीत येतो तो अपवाद म्हणून.

आणि नोकरी? ‘धंदा करायचा तर नोकरी सोडावी लागेल, नोकरी सोडली तर गृहकर्जाचा हप्ता कोण भरणार’ हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, कारण त्याचे पहिले अर्धे वाक्य कोणी तपासत नाही. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी २०१४ मध्ये हेच पडताळून पाहिले. नोकरी सांभाळून ज्यांनी धंदा सुरू केला आणि मग नोकरी सोडली, त्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता एकदम उडी मारणाऱ्यांपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी निघाली. राजीनामा टेबलावर आपटण्याचा प्रसंग सिनेमात उत्तम दिसतो, पण धंद्याला त्याची गरज नसते. शनिवार-रविवार पुरतात. मॅच बघायला ते पुरतातच की.

तर मग अडते कुठे? रक्त, काका, भांडवल, मुहूर्त, वय, नोकरी हे सगळे उंबऱ्याच्या आतले. खरा घोटाळा उंबऱ्यावर होतो, आणि तो पाहायचा तर दिवाळीच्या आधी पंधरा दिवस कोणत्याही सोसायटीच्या जिन्यात उभे राहावे.

एका काकूंच्या चकल्या सगळ्या सोसायटीत प्रसिद्ध असतात. काटेरी, खुसखुशीत, महिनाभर मऊ न पडणाऱ्या. समोरच्या फ्लॅटमधली नोकरी करणारी मुलगी दारात येते. “काकू, मला दोन किलो करून द्याल का?” “अगं देईन की!” “किती द्यायचे?” इथे काकूंचा आवाज अर्ध्यावर येतो. “अगं, पैशांचं काय एवढं!” “नाही काकू, असं कसं?” “बरं, मग दे काय द्यायचं ते.” आता पंचाईत त्या मुलीची. कमी दिले तर वाईट दिसेल, जास्त दिले तर काकू रागावतील. ती मनातल्या मनात काहीतरी आकडा काढून पाकिटात घालते, वर एक ब्लाउजपीस देते, आणि पुढच्या वर्षी मुकाट्याने दुकानातून चकल्या आणते. तिथे पाटीवर भाव लिहिलेला असतो आणि विचारताना कोणाचे मन दुखत नाही. काकूंना वाटते आपण माणुसकी जपली. प्रत्यक्षात त्यांनी पहिले गिऱ्हाईक घालवलेले असते.

बरे, काकूंनी आकडा सांगितलाच तर तो भाजणी, तेल आणि गॅस यांची बेरीज असतो. स्वतःच्या चार तासांची किंमत शून्य. “माझं काय, मी घरीच असते.” हे वाक्य बायकाच म्हणतात असे नाही. मित्राचे रिटर्न भरून देणारा अकाउंटंट, भाच्याच्या लग्नाचे फोटो काढणारा हौशी फोटोग्राफर, शेजारच्या मुलांना गणित शिकवणारे निवृत्त मास्तर, सगळे याच एका वाक्यावर वर्षानुवर्षे फुकट राबतात. त्यांच्या हातात कसब असते, दारात गिऱ्हाईकही असते. नसतो तो फक्त एक आकडा, आणि तो तोंडातून निघत नाही. ही माणसे भाजीवालीशी पाच रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालू शकतात. दुसऱ्याची किंमत पाडताना जीभ जेवढी चालते, त्याचा दहावा हिस्सा स्वतःची किंमत सांगताना चालली असती, तर महाराष्ट्रात दर जिन्यात एक उद्योग निघाला असता.

“आधी आत्मविश्वास येऊ दे, मग विकायला सुरुवात करीन” असा यावर एक नेहमीचा तोडगा असतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले ते नेमके याच्या उलट. आपल्याला हे जमेल, हा विश्वास माणसाला इतरांच्या यशोगाथांतून आणि उत्तेजनाच्या शब्दांतूनही मिळतो, पण सर्वांत जास्त मिळतो तो ते काम स्वतः करून पाहिल्याने. विश्वास यायचा तो पहिल्या विक्रीनंतर. तिच्याआधी त्याची वाट पाहणाऱ्याला स्टॉपवर बसून राहावे लागते, कारण ती बस तिकडून सुटतच नाही.

गिऱ्हाईक नाही म्हणाले तर? म्हणू दे. विकोने हळदीचे क्रीम काढले तेव्हा बाजारातली सगळी नावाजलेली क्रीमे पांढरी होती. पिवळे क्रीम पाहून लोकांना वाटे, तोंड पिवळे होईल. विकोच्या विक्रेत्यांनी म्हणे सोबत आरसा ठेवला: क्रीम चोळायचे आणि गिऱ्हाइकाला आरशात बघायला लावायचे. ‘नाही’ ऐकल्यामुळे त्यांना कळले की सोबत आरसा न्यायला हवा. ‘नाही’ कानावरच पडू दिले नसते, तर ते क्रीम कपाटातच राहिले असते आणि घराण्याला आणखी एक काका मिळाले असते.

राहता राहिली सरकारी कागदांची भीती. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मूळ नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. मोजकीच माणसे कामाला असतील तर २०१७ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात दुकानाच्या परवान्याऐवजी ऑनलाइन सूचना देणे पुरते. ऐंशी रुपये उसने देणारे छगनबाप्पा ओळखीत नसले, तर २०१५ पासून मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज आहे. या सगळ्याचा खर्च पाचशे व्हिजिटिंग कार्डांहून कमी होतो. बँकेत दोन-चार खेपा पडतात हे खरे, पण त्या गृहकर्जासाठीही पडल्याच होत्या.

धंदा प्रत्येकाने केलाच पाहिजे असे मुळीच नाही. नोकरीत कमीपणा नाही, आणि उत्तम चकल्या फुकट वाटण्यात ज्याला खरोखर आनंद आहे त्याने खुशाल वाटाव्यात. त्याच्या शेजाऱ्यांची त्याला मनापासून साथ असेल. ज्याला करायचा नाही त्याने ‘मला करायचा नाही’ एवढेच म्हणावे. रक्ताला, काकांना आणि पितृपक्षाला त्यात ओढू नये.

ज्याला करायचा आहे त्याने नाव, लोगो आणि कार्ड तूर्त बाजूला ठेवावे. आपल्या हातची जी गोष्ट लोक आपणहून मागतात, तिचा सगळा खर्च एका कागदावर काढावा, त्यात स्वतःचे तास धरावेत आणि वर नफा घालावा. पुढच्या वेळी कोणी “किती द्यायचे?” विचारले की तो आकडा सांगावा. ‘तुमच्यासाठी म्हणून’ असे पुढे जोडू नये, हसून सारवासारव करू नये, लगेच पन्नास रुपये कमीही करू नयेत. आकडा सांगून गप्प बसावे. पैसे घ्यावेत, वहीत लिहावेत, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकालाही तोच भाव सांगावा, मग ते गिऱ्हाईक सख्खी वहिनी का असेना.